दिवाळी अंकांचा संग्रह एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर: दुव्यांच्या कामाच्या नोंदी

एचटीटीपी हा ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातला साधा मार्ग, एचटीटीपीएस हा त्याचाच सांकेतिक केलेला, सुरक्षित मार्ग. आमचा संग्रह पहिल्यावरून दुसऱ्यावर न्यायचा होता. मांडणी अशी: २००७ ते २०२४ चे अठरा दिवाळी अंक, वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रणालीवर. सुमारे १,९०० लेख आणि प्रत्येक अंकाची पीडीएफ. पुढे एनजिनएक्स, मागे अपाची (पानं पुरवणारे प्रोग्राम), दोन्ही एकाच भाड्याच्या सर्व्हरवर. चित्रं आणि फॉन्ट ‘चित्रे’ नावाच्या सबडोमेनवर, तोही याच सर्व्हरवर. ‘जुने’ नावाचं आणखी एक सबडोमेन दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर पडून आहे. काम दोघांचं, बहुतेक संध्याकाळी सात ते दहा. क्रोमने जुलै २०१८ पासून एचटीटीपी पानांवर ‘नॉट सिक्युअर’ लिहायला सुरुवात केली, हे काम तेव्हाच व्हायला हवं होतं.

७ जुलै २०२५, सोमवार. मोजणी. ३ तास.

आधी डेटाबेस आणि फाइली दोन्हींचा बॅकअप. तो दुसऱ्या मशीनवर उतरवून, उघडून, चालतो हे पाहिलं. मग डेटाबेसच्या डंपमध्ये ‘एचटीटीपी://’ शोधलं: २३,४१२ ठिकाणी. यांत आपल्याच संकेतस्थळाचे दुवे १६,८७०, बाहेरचे ३,१२६, आणि उरलेले ३,४१६ बहुतेक ‘जीयूआयडी’ स्तंभातले, म्हणजे प्रत्येक लेखाची कायमची ओळख ठेवणाऱ्या रकान्यातले.

हे वर्गीकरण न करता ‘सगळीकडे एस लावून टाकू’ असं ठरवलं तर काय होतं, ते १६ जुलैच्या नोंदीत आहे. माहीत असूनही केलं, म्हणून जास्त लाज वाटते.

८ जुलै. दुवा कोणत्या रूपात लिहायचा. २ तास, निम्मा वेळ वादात.

पर्याय चार. पूर्ण एचटीटीपी, पूर्ण एचटीटीपीएस, नुसत्या दोन तिरप्या रेघांनी सुरू होणारा, आणि एका रेघेने सुरू होणारा म्हणजे डोमेन न लिहिलेला.

दोन रेघांचा दुवा जुन्या थीममध्ये जागोजागी होता. पान ज्या मार्गाने आलं त्याच मार्गाने पुढची फाइल मागायची, अशी त्याची रीत. एकाच पानाला दोन्ही मार्ग उघडे असायचे त्या काळात त्याचा उपयोग होता. आता तोटाच: पान एचटीटीपीवरून उघडलं तर स्क्रिप्टही असुरक्षित मार्गाने येते. वाचकाने पान संगणकावर जतन करून उघडलं तर ब्राउझर ती फाइल त्याच्याच डिस्कवर शोधतो. ईमेलमध्ये तर भरवसाच नाही. बाद.

एका रेघेचा दुवा थीमच्या फाइलींत सोयीचा, कारण चाचणीच्या प्रतीवर तो आपोआप त्या प्रतीचा होतो. पण लेखाच्या मजकुरात नको. तोच मजकूर आरएसएस फीडमधून (नवे लेख वाचकांच्या साधनांना पोचवणाऱ्या यादीतून) आणि ईमेल बातमीपत्रातून बाहेर जातो, तिथे डोमेनशिवायच्या दुव्याला अर्थ नाही.

ठरलं ते असं. थीमच्या सीएसएस-जेएसमध्ये एका रेघेचा. लेख, फीड, ईमेल, कॅनॉनिकल (पानाचा अधिकृत पत्ता), साइटमॅप (शोधयंत्रांसाठी पानांची यादी) आणि छापील मजकूर यांत पूर्ण एचटीटीपीएस. बाहेरचा दुवा तपासल्याशिवाय बदलायचा नाही. एचटीटीपीएस चालत नसेल तर एचटीटीपीच राहू द्यायचा. आणि एक्सएमएलची नेमस्पेस असेल तर तिला हातच लावायचा नाही, कारण ती पत्त्यासारखी दिसत असली तरी नुसतं नाव असते.

१२ जुलै, शनिवार. सर्टिफिकेट: पहिला प्रयत्न फसला. ३ तास वाया.

एचटीटीपीएससाठी संकेतस्थळाची ओळख पटवणारं सर्टिफिकेट लागतं. ते लेट्स एनक्रिप्ट या संस्थेचं, सर्टबॉट या प्रोग्रामच्या वेबरूट पद्धतीने: संकेतस्थळाच्या फोल्डरमध्ये एक फाइल ठेवायची, ती त्यांनी बाहेरून वाचून तपासायची. खर्च शून्य. नावं तीन: नुसतं डोमेन, ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावलेलं, आणि ‘चित्रे’. पहिली दोन वेगळी धरली जातात. एक विसरलं तर त्या पत्त्यावर येणाऱ्याला आधी ब्राउझरच्या इशाऱ्याचं लाल पान दिसतं, रीडायरेक्टची (दुसऱ्या पत्त्यावर आपोआप पाठवण्याची) पाळी येतच नाही.

तपासणीच्या फाइलीला ४०४, म्हणजे ‘सापडली नाही’, असं उत्तर येत राहिलं. ब्राउझरमध्ये तीच फाइल व्यवस्थित उघडत होती. म्हणून फोल्डरच्या परवानग्या बदलल्या, एनजिनएक्सचे नियम उलटसुलट केले आणि पाचदा प्रयत्न केला. एका नावासाठी तासाला पाच अपयशांची मर्यादा असते, ती भरली आणि काम थांबलं.

१४ जुलै. सर्टिफिकेट मिळालं. ४० मिनिटं.

दोष डीएनएसमध्ये होता, म्हणजे डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा आकडी पत्ता सांगणाऱ्या नोंदींत. चार वर्षांपूर्वी सर्व्हर बदलला तेव्हा ‘ए’ नोंद (जुन्या पद्धतीचा, आयपीव्ही४ पत्ता) बदलली होती. नव्या पद्धतीच्या आयपीव्ही६ पत्त्याची ‘क्वाड-ए’ नोंद जुन्या सर्व्हरकडेच बोट दाखवत राहिली. लेट्स एनक्रिप्ट दोन्ही नोंदी दिसल्या तर आधी आयपीव्ही६ ने जातं. तिथून काहीच उत्तर आलं नसतं तर त्याने आयपीव्ही४ वापरून पाहिलं असतं. पण जुन्या पत्त्यावर कुणाचा तरी जिवंत सर्व्हर होता आणि तो इमानेइतबारे ४०४ देत होता. आमच्या घरच्या जोडणीला आयपीव्ही६ नाही, म्हणून आम्हाला सगळं ठीक दिसत होतं.

नोंद काढून टाकली, टीटीएल (जुनी नोंद लक्षात ठेवली जाते ती मुदत) संपेपर्यंत थांबलो, आणि या वेळी आधी स्टेजिंगवर, म्हणजे लेट्स एनक्रिप्टच्या चाचणीच्या सर्व्हरवर, चालवून पाहिलं. शनिवारीही तेच करायला हवं होतं, स्टेजिंगच्या मर्यादा कितीतरी सैल आहेत. मग खरं सर्टिफिकेट. मुदत ९० दिवस, म्हणजे १२ ऑक्टोबरपर्यंत.

४४३ पोर्ट (एचटीटीपीएसचं दार) सुरू केलं, ८० (एचटीटीपीचं) तसंच ठेवलं. रीडायरेक्ट अजून नाही. दोन्ही मार्ग शेजारी शेजारी चालू ठेवून आधी एचटीटीपीएसवर काय काय मोडतं ते पाहायचं.

१६ जुलै. दुवे बदलणे: दोन चुका एकाच संध्याकाळी. ४ तास, त्यांतले अडीच निस्तरण्यात.

पहिली चूक. पीएचपीमायअ‍ॅडमिन या डेटाबेस-साधनातून एसक्यूएलची रिप्लेस आज्ञा सगळ्या तक्त्यांवर. दोन मिनिटांत झालं. मग मुखपृष्ठ उघडलं तर बाजूचे सगळे विजेट गायब, थीमचे रंग मूळपदावर.

वर्डप्रेस विजेट आणि थीमच्या सेटिंग गुंडाळून ठेवतं आणि प्रत्येक मजकुरापुढे त्याची बाइटमधली लांबी लिहितं. ‘एस’ वाढला की मजकूर एका बाइटने लांबतो, पुढचा आकडा मात्र जुनाच राहतो. आकडा जुळला नाही की वर्डप्रेस ती गुंडाळी उलगडत नाही, रिकामी धरतं. चुकीचा संदेशही येत नाही. बॅकअप परत चढवला.

नंतर योग्य पद्धतीने: डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या आज्ञा-साधनाची सर्च-रिप्लेस आज्ञा. ती गुंडाळी उलगडते, बदलते, लांबी पुन्हा मोजून लिहिते. आधी ‘ड्राय-रन’ (प्रत्यक्ष बदल न करता तालीम) लावून आकडे पाहिले. ‘स्किप-कॉलम्स’ मध्ये जीयूआयडी दिला, कारण फीड वाचणारी साधनं त्यावरून लेख ओळखतात. तो बदलला तर जुने लेख नवे म्हणून लोकांपुढे येतात. शोधायच्या शब्दात नुसतं ‘एचटीटीपी://’ कधीच नाही, पुढे आपलं डोमेन हवंच. आज्ञा तीनदा: नुसतं डोमेन, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, चित्रे.

दुसरी चूक. थीमच्या फाइलींत मात्र सेड हे शोधा-बदला साधन वापरून सरसकट बदल. सीएसएसमध्ये बसवलेली एसव्हीजी चिन्हं (शोधाचं भिंग, मेनूच्या तीन रेघा) दिसेनाशी झाली. त्या चिन्हांच्या सुरुवातीला डब्ल्यू३सीची एसव्हीजी नेमस्पेस असते आणि ती ‘एचटीटीपी’नेच सुरू होते. तिथे एस लागला की ब्राउझरच्या लेखी ते एसव्हीजीच राहत नाही. गोंधळ वाढवणारी गोष्ट अशी की एचटीएमएलमध्ये थेट लिहिलेली एसव्हीजी चिन्हं ठीक होती, कारण तिथे ब्राउझर नेमस्पेसकडे पाहतच नाही. साइटमॅपच्या नेमस्पेसचंही तेच: ती एचटीटीपीचीच ठेवायची. थीमच्या जुन्या आवृत्त्या गिटमध्ये जपलेल्या होत्या, बदल परत घेता आला म्हणून वाचलो.

१७ जुलै. १ तास.

काही पानांवर अजून जुने दुवे. पान-रचनेचं प्लगइन आपली माहिती जेसन या मांडणीत ठेवतं आणि पीएचपीने लिहिलेल्या जेसनमध्ये सहसा प्रत्येक तिरप्या रेघेआधी उलटी रेघ असते. म्हणजे मोजणीतही ते दुवे आले नव्हते आणि बदलातही नाहीत. असे ६१२. उलट्या रेघांसकट शब्द देऊन आज्ञा पुन्हा चालवली.

१९ जुलै, शनिवार. फॉन्ट आणि चित्रं. ५ तास.

एचटीटीपीएसवर उघडल्यावर लेखांचा देवनागरी फॉन्ट जाऊन सिस्टीमचा फॉन्ट आला. सीएसएसमध्ये फॉन्टचा पत्ता पूर्ण एचटीटीपी होता. सेडने केलेला बदल परत घेतला तेव्हा हाही परत आला होता. सुरक्षित पानात असुरक्षित मार्गाने येणारा फॉन्ट ब्राउझर थेट अडवतो.

पत्त्यात एस लावला तरी फॉन्ट येईना. या वेळी कारण वेगळं: फॉन्ट ‘चित्रे’ सबडोमेनवर आहे, आणि दुसऱ्या ठिकाणाहून फॉन्ट घ्यायचा तर त्या सर्व्हरने ‘अ‍ॅक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन’ हा हेडर (उत्तरासोबत जाणारी सूचना) द्यावा लागतो. तो होता, पण त्यात आपलं नाव एचटीटीपीसह लिहिलेलं. ब्राउझरच्या हिशेबी एचटीटीपी आणि एचटीटीपीएस ही दोन निरनिराळी ठिकाणं, डोमेन तेच असलं तरी. हेडर दुरुस्त करण्याऐवजी फॉन्ट मुख्य डोमेनवर हलवला आणि एका रेघेचा दुवा दिला. चित्रांना ही अट नसते, ती तिथेच राहिली.

चित्रांचा फसवेपणा वेगळा. क्रोम एचटीटीपीने मागितलेलं चित्र स्वतःच एचटीटीपीएसने मागतो. त्यामुळे आपल्या सर्व्हरवरची राहून गेलेली चित्रं ठीक दिसतात आणि चूक लपते. डेव्हलपर टूल्सच्या कन्सोलमध्ये सूचना दिसते, तीच पाहायची. पान डोळ्यांनी पाहून काही कळत नाही. दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवरून परस्पर ओढलेली ३७ चित्रं मात्र तुटली. त्यांतली ११ परवानगी घेऊन स्वतःकडे ठेवली, बाकीची काढली.

पीडीएफच्या ‘उतरवून घ्या’ बटणांवर जुना दुवा होता, क्रोमने ती फाइल अडवली. सोपी दुरुस्ती. पण पीडीएफच्या आत छापलेले दुवे बदलता येत नाहीत, आणि त्या पीडीएफ वाचकांच्या फोनवर कधीच्या पोचल्या आहेत. म्हणून ८० पोर्ट आणि त्यावरचं रीडायरेक्ट कायम चालू ठेवावं लागणार.

जाता जाता: २००७ ते २००९ ची सुमारे १४० पानं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली आहेत, ईओटी फाइल जोडलेली. ती फाइल फक्त इंटरनेट एक्सप्लोरर वाचायचा. तिथे आता अक्षरांऐवजी कचरा दिसतो आणि एचटीटीपीएसचा त्याच्याशी काही संबंध नाही. दीड तास उगाच त्यात गेला. वेगळं काम म्हणून बाजूला काढलं.

२३ जुलै. रीडायरेक्ट. ३ तास.

आधी ३०२, म्हणजे तात्पुरतं. ३०१, म्हणजे कायमचं, ब्राउझर लक्षात ठेवतो. चुकीचं ३०१ एकदा दिलं की दुरुस्त केल्यावरही त्या वाचकाला जुन्याच जागी नेतं.

पहिला दोष: प्रशासनाच्या लॉगिन पानावर फेऱ्या सुरू, शेवटी ‘खूप रीडायरेक्ट झाले’. एनजिनएक्स सुरक्षित जोडणी घेतो, पण मागच्या अपाचीशी साध्या एचटीटीपीने बोलतो. वर्डप्रेसला वाटतं वाचक असुरक्षित मार्गाने आलाय, म्हणून ते एचटीटीपीएसवर पाठवतं. वाचक तिथेच असतो. एनजिनएक्समधून ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हेडर (वाचक कोणत्या मार्गाने आला ते सांगणारा) पाठवला आणि डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये, सेटिंग वाचण्याच्या ओळीच्या आधी, तो हेडर पाहून ‘एचटीटीपीएस चालू’ असं सांगितलं. ओळीच्या नंतर लिहिलं तर उपयोग होत नाही, तोवर वर्डप्रेस सुरू झालेलं असतं.

दुसरा दोष खास आपल्यासारख्यांचा. रीडायरेक्टच्या नियमात ‘यूआरआय’ हा चल वापरला होता. एनजिनएक्स त्यात पत्ता उलगडून ठेवतो. इंग्रजी पत्त्यांना काही होत नाही. मराठी पत्त्यात मात्र टक्का-चिन्हांऐवजी कच्चे देवनागरी बाइट लोकेशन हेडरमध्ये (नवा पत्ता सांगणाऱ्या) गेले. क्रोमने समजून घेतलं, तपासणीच्या स्क्रिप्टला आणि एका फीड वाचकाला जमलं नाही. शिवाय प्रश्नचिन्हानंतरचा भाग गळतो, आणि पत्त्यात नवी ओळ घुसवून कुणी हेडरमध्ये भर घालू शकतं. ‘रिक्वेस्ट-यूआरआय’ वापरा, तो आलेला पत्ता जसाच्या तसा पुढे देतो.

अपवाद एकच: सर्टबॉटच्या तपासणीचं फोल्डर ८० वर थेट उघडं ठेवलं. रीडायरेक्ट झालं तरी लेट्स एनक्रिप्ट त्यामागे जातं, पण पुढे कधी ४४३ बिघडलं तर नूतनीकरण त्यात अडकायला नको.

२५ जुलै. दोन वाचकांच्या प्रतिक्रिया हरवल्या.

पानांची कॅश (तयार साठवलेल्या प्रती) रिकामी करायची राहिली होती. जुन्या कॅशमधल्या प्रतिक्रिया-अर्जाचा पत्ता एचटीटीपी होता. अर्ज पोस्टने (मजकूर पाठवणाऱ्या मागणीने) गेला, वाटेत रीडायरेक्ट लागलं, आणि ३०१ किंवा ३०२ वर ब्राउझर पोस्टचं गेट (नुसतं पान मागणं) करतो. मजकूर तिथेच गळतो. ३०७ आणि ३०८ मध्ये तो टिकतो, पण मूळ दुरुस्ती अर्जाचा पत्ताच. कॅश पुसली, थीममधल्या शोधपट्टीचा पत्ताही तसाच निघाला, तो बदलला. त्या दोघांना ईमेल करून प्रतिक्रिया पुन्हा मागवल्या, एकांनी पाठवली.

२८ जुलै ते ३ ऑगस्ट. बाहेरचे दुवे. एकूण ११ तास. सगळ्या कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग, आणि बहुतेक जण हाच गाळतात.

३,१२६ दुव्यांत वेगळे पत्ते १,२०८. कर्ल या पत्ते मागून पाहणाऱ्या साधनाची स्क्रिप्ट: प्रत्येक पत्ता एचटीटीपीएसने मागायचा, १० सेकंद वाट पाहायची, दोन मागण्यांत एक सेकंद थांबायचं. सुरुवातीला फक्त हेड मागणी (पानाशिवाय नुसते हेडर मागणारी) पाठवत होतो. काही सर्व्हर ती नाकारतात, म्हणून नकार आला की गेट.

पहिल्या फेरीत २००, म्हणजे ‘ठीक’, उत्तर आलं की ‘चालतो’ असं धरलं. चूक. एकाच सर्व्हरवर अनेक संकेतस्थळं असतात तिथे एचटीटीपीएसने मागितल्यावर कधी होस्टिंगवाल्याचं ‘स्वागत आहे’ पान येतं, कधी शेजाऱ्याचंच संकेतस्थळ. म्हणून दोन्ही मार्गांनी आलेल्या पानांची शीर्षकं जुळवली. शेवटचा हिशेब:

एचटीटीपीएसवर तेच पान: ७०२. बदलले.
एचटीटीपीएसवर भलतंच पान: ६१. एचटीटीपीच ठेवले.
सर्टिफिकेट मुदतबाह्य किंवा दुसऱ्याच नावाचं: ४८. एचटीटीपीच ठेवले.
फक्त एचटीटीपी: ९०. ठेवले.
दोन्हीकडे मेलेले: ३०७.

मधल्या तीन गटांत ‘एस लावून टाका, कधीतरी चालेल’ असा मोह होतो. करू नका. एचटीटीपीने उघडणारं पान तुम्ही वाचकासाठी स्वतःच्या हाताने मोडता. सर्टिफिकेटच्या गटात तर त्याला भीतीदायक इशारा दाखवता. आणि नुसता दुवा एचटीटीपी असल्याने आपलं पान असुरक्षित ठरत नाही. पानात ओढून आणलेली वस्तू (चित्र, स्क्रिप्ट, फॉन्ट, चौकट) आणि टिचकी मारून जायचा दुवा यांत फरक आहे. ब्राउझरची तक्रार पहिल्याबद्दल असते. ‘अपग्रेड-इनसिक्युअर-रिक्वेस्ट्स’ हा हेडरमधला आदेशही (ब्राउझरला एचटीटीपीच्या मागण्या एचटीटीपीएसने करायला सांगणारा) बाहेरच्या दुव्यांना हात लावत नाही, ओढून आणलेल्या वस्तू, अर्जांचे पत्ते आणि आपले अंतर्गत दुवे बदलतो.

मेलेल्या ३०७ पैकी २१४ पानं वेबॅक मशीनवर (जुन्या पानांच्या संग्रहावर) सापडली. तिथल्या पत्त्याच्या पोटात मूळ पत्ता असतो, एचटीटीपीसकट. तो तसाच ठेवा. पुन्हा कधी सर्च-रिप्लेस चालवाल तेव्हा हे पोटातले पत्ते आधी ड्राय-रनमध्ये पाहा.

६ ऑगस्ट. ३०२ चं ३०१ केलं. कॅनॉनिकल, साइटमॅप, फीड तपासले. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये एचटीटीपीएसचा पत्ता वेगळी मालमत्ता म्हणून जोडला, जुना काढला नाही. सोशल मीडियावरचे शेअरचे आकडे काही पानांवर शून्यावर गेले. जाऊ द्या.

रीडायरेक्टची साखळी मोजली: नुसत्या डोमेनवरून एचटीटीपीने येणारा तीन उड्या मारत होता. एक उडी वर्डप्रेसची होती, शेवटच्या तिरप्या रेघेसाठी. मेनूतले दुवे शेवटच्या रेघेसह लिहिले, दोन उरल्या. त्या हव्यातच: आधी त्याच नावावर एचटीटीपीएस, मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू. तसं नसेल तर नुसत्या डोमेनला पुढचा एचएसटीएस हेडर (२० ऑगस्टची नोंद पाहा) कधी मिळतच नाही.

११ ऑगस्ट. छापील अंकातले क्यूआर कोड. ३ तास, आणि प्रूफ पुन्हा काढल्याचे ६०० रुपये.

छापलेला दुवा परत बदलता येत नाही, म्हणून यावर जास्त वेळ. लेखाचा मूळ मराठी पत्ता कोडमध्ये घालायचा प्रश्नच नव्हता. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट, आणि प्रत्येक बाइटची टक्का धरून तीन अक्षरं; म्हणजे ‘मराठी’ या पाच चिन्हांच्या शब्दाची ४५ अक्षरं. वर्डप्रेस असा पत्ता २०० अक्षरांवर तोडतं, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. लांब शीर्षकांचे पत्ते अर्ध्यातच का संपतात त्याचं कारण हेच.

म्हणून आखूड पत्ता: १५ अक्षरांचं डोमेन, पुढे ‘/डी/२५’ सारखे पाच. मांडणी करणाऱ्यांचा आग्रह होता की ‘एस’ काढा, कोड लहान होईल. मोजून पाहिलं. एचटीटीपीएससह २८ अक्षरं, एचटीटीपीने २७. मध्यम दुरुस्ती-पातळीवर साध्या बाइट पद्धतीत दुसऱ्या आकाराच्या कोडमध्ये २६ च मावतात, म्हणजे दोन्ही तिसऱ्या आकारातच जातात, २९ बाय २९ घरं. एस काढून एक घरही वाचत नाही.

वाचतं ते मोठ्या लिपीने. रोमन मोठी अक्षरं, आकडे आणि कोलन, बिंदू, तिरपी रेघ अशी मोजकी चिन्हं असतील तर कोड आटोपशीर पद्धतीने भरतो. त्याच दुसऱ्या आकारात ३८ अक्षरं मावतात. २५ बाय २५ घरं. चारही बाजूंची चार-चार घरांची कोरी पट्टी धरून १८ मिलिमीटरच्या चौकोनात प्रत्येक घर ०.४९ ऐवजी ०.५५ मिलिमीटरचं झालं. आपल्या कागदावर शाई पसरते, तिथे हा फरक कामाचा. प्रश्नचिन्ह आणि बरोबरचं चिन्ह या पद्धतीत बसत नाहीत, म्हणून ‘?पी=’ छाप पत्ते नकोत.

पहिल्या प्रूफात सगळे कोड ४०४ वर गेले. एचटीटीपीएस आणि डोमेन मोठ्या लिपीत चालतं, पुढचा मार्ग मात्र लहान-मोठं पाहतो, आणि सर्व्हरवरचा नियम लहान ‘डी’चा होता. दोन्ही जोडले. सहा फोनवर तपासलं. सुरुवातीचं एचटीटीपीएस गाळलेला कोडही करून पाहिला: सहापैकी दोन फोनांनी तो दुवा न मानता नुसता मजकूर दाखवला.

२० ऑगस्ट. एचएसटीएस. पाऊण तास.

हा हेडर ब्राउझरला सांगतो की यापुढे इतके सेकंद इथे एचटीटीपीने यायचंच नाही. आधी ३०० सेकंद, दोन दिवसांनी ८६,४००, मग महिन्याभराचा म्हणजे २५,९२,००० लावायचा. ‘सबडोमेनसकट’ हा पर्याय लावला नाही: ‘जुने’ अजून फक्त एचटीटीपीवर आहे आणि तो पर्याय लागला असता तर ते संग्रहाच्या वाचकांना बंद झालं असतं. प्रीलोड यादीत (ब्राउझरमध्ये आधीच भरलेल्या) नाव घालायला एक वर्षाची मुदत आणि सबडोमेनसकटचा पर्याय लागतो. शिवाय त्या यादीतून बाहेर पडायला महिने जातात. नको.

२७ ऑगस्ट. गणेश चतुर्थी. बदल काही नाही. ४०४ ची यादी चाळली, नवं काही नाही.

२ सप्टेंबर. एका वाचकांच्या फोनवर सर्टिफिकेटचा इशारा. अँड्रॉइड ६. लेट्स एनक्रिप्टचं मूळ सर्टिफिकेट, आयएसआरजी रूट एक्स१, अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनच्या विश्वासू सर्टिफिकेटांच्या साठ्यात नाही. आधी जोडसहीने (दुसऱ्या, जुन्या मूळ सर्टिफिकेटच्या सहीने) भागत होतं, तीही २०२४ मध्ये संपली. फायरफॉक्स स्वतःचा साठा बाळगतो, त्यांच्या फोनवर तो होताच, त्यात पान उघडलं. एचटीटीपीचा मार्ग त्यांच्यासाठी परत उघडला नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार. नूतनीकरण झालं, पण झालं नाही. १ तास.

सर्टबॉट मुदतीच्या ३० दिवस आधी नवं सर्टिफिकेट घेतं. काल रात्री घेतलं, लॉगमध्ये यशाची ओळ आहे, डिस्कवरची फाइल नवी. बाहेरून ओपनएसएसएल या साधनाने ४४३ वर पाहिलं तर तारीख अजून १२ ऑक्टोबर. वेबरूट पद्धतीत सर्टबॉट फाइल बदलून गप्प बसतो. एनजिनएक्सला ती पुन्हा वाचायला कुणी सांगितलंच नाही. डिप्लॉय-हुकमध्ये (नूतनीकरणानंतर आपोआप चालणाऱ्या आज्ञेत) एनजिनएक्स रीलोडची एक ओळ घातली आणि ‘फोर्स-रिन्युअल’ लावून एकदा खरंच चालवून पाहिलं. ड्राय-रनवर भिस्त ठेवली नाही. ती रंगीत तालीम आहे, हुक त्यात सहसा वाजतच नाही.

दिवाळीच्या आठवडाभर आधी, क्यूआर कोड वाचकांच्या हातात पडत असताना, संकेतस्थळावर लाल पान आलं असतं. मुदतीचे आठवण करून देणारे ईमेल लेट्स एनक्रिप्टने जून २०२५ मध्ये बंद केले आहेत. आता दुसऱ्या मशीनवरून रोज सकाळी एक छोटी स्क्रिप्ट तिन्ही नावांची ४४३ वरची तारीख वाचते आणि २० दिवसांपेक्षा कमी उरले तर संदेश पाठवते. डिस्कवरची फाइल ती पाहत नाही.

२२ सप्टेंबर. क्यूआर असलेले फर्मे छपाईला गेले. एचएसटीएस महिन्यावर आणला. एचटीटीपीवर ठेवलेल्या १९९ बाहेरच्या दुव्यांची यादी वेगळ्या फाइलीत. तीच कर्लची स्क्रिप्ट जानेवारीत त्यांच्यावर पुन्हा चालवायची. ‘जुने’ कुणाच्या खात्यावर आहे ते शोधणं चालू.